सातबाऱ्यावर बहिणीचे नाव आहे का?

उजनीचे पाणी आले, ऊस आणि केळीच्या बागा उभ्या राहिल्या आणि करमाळा तालुक्यातल्या जमिनीला भाव आला. आखातात किंवा पुण्या-मुंबईत कमावलेल्या पैशातून गावाकडे एक-दोन एकर रान घ्यावे, असे आपल्या अनेक घरांत ठरते. इसार देताना आपण विहीर, रस्ता, भाव सारे पाहतो. विकणाऱ्याचा पुरता हक्क आहे का, हे मात्र ‘ओळखीचेच आहेत’ म्हणून विचारत नाही.

विचारणे म्हणजे अविश्वास नव्हे. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५५ नुसार, वेगळा करार नसेल तर, मालकीतला दोष सांगणे आणि मागितल्यास मालकीची कागदपत्रे दाखवणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. शरीअतनेही ‘खियार-ए-ऐब’ दिला आहे. दोष लपवून विकलेली वस्तू खरेदीदार परत करू शकतो.

आपल्याकडे सर्वांत मोठा दोष वारसाहक्काचा असतो. समजा, एक एकराचा मालक वारला. मागे पत्नी, दोन मुलगे आणि एक मुलगी. आईवडील हयात नाहीत, कर्ज नाही, वसीयतही नाही. ४० गुंठ्यांपैकी पत्नीचा आठवा हिस्सा म्हणजे ५ गुंठे. उरलेल्या ३५ मध्ये प्रत्येक मुलाचे १४ आणि मुलीचे ७. आता दोघा भावांनीच सह्या करून पूर्ण एकर विकला, तर खरेदीदाराला हक्क मिळतो २८ गुंठ्यांवर. पैसे मात्र ४० चे गेले! आई आणि बहीण उरलेल्या १२ गुंठ्यांसाठी न्यायालयात जाऊ शकतात.

‘सातबाऱ्यावर भावांचीच नावे आहेत’ हे उत्तर पुरेसे नाही. फेरफाराची नोंद महसुलासाठी असते, तिने मालकी मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी सांगितले आहे. नुसत्या मुखत्यारपत्रावर झालेल्या व्यवहारानेही मालकी मिळत नाही, हे त्याच न्यायालयाने २०११ च्या सूरज लॅम्प निकालात स्पष्ट केले.

म्हणून इसाराआधीच जुने सातबारे, फेरफार आणि सूची दोन मिळवा. वकिलाकडून किमान तीस वर्षांचा शोध अहवाल घ्या. बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, चालू दावा, ‘भोगवटादार वर्ग २’चा शेरा आणि वक्फची नोंद तपासा. सर्व वारसांच्या, बहिणींच्याही, खरेदीखतावर सह्या घ्या. कोणी राजीखुशीने हिस्सा सोडत असेल, तर त्याचे नोंदणीकृत हक्कसोडपत्र मागा.

विकणाऱ्यांनाही आमचे एकच सांगणे आहे. सूरह निसाने बहिणीचा हिस्सा ठरवून दिला आहे. तो आधी तिच्या हाती द्या आणि मगच गिऱ्हाईक शोधा. जिथे बहिणीचा हक्क पोचला आहे, तिथले खरेदीखत पुढच्या पिढीला कोर्टाची पायरी चढायला लावत नाही.