दप्तरी दाखल

सरकारी कचेरीच्या भाषेत दोन साधे शब्द आहेत: ‘दप्तरी दाखल’. ज्याच्या हाती हे शब्द असलेला कागद पडतो त्याला वाटते, आता सारे संपले. आपल्या जालना जिल्ह्यातील एक लिपिक भगिनी असाच एक कागद घेऊन आमच्याकडे आल्या होत्या. कागदावर दीड ओळ होती: ‘आपल्या तक्रारीत तथ्य आढळून येत नाही. सबब प्रकरण दप्तरी दाखल करण्यात येत आहे.’ बाईंची तक्रार अशी की, बारा वर्षे त्यांना आवक-बारनिशीच्या टेबलावरून हलविले नाही, आणि त्यांच्यामागून आलेल्या पुरुष सहकाऱ्यांना मात्र लेखाशाखेचे काम व प्रशिक्षण मिळाले. त्यांनी आम्हांला विचारले, “दादा, आता पुढे काय?” या प्रश्नाचे उत्तर एकट्या त्यांच्यापुरते नाही, म्हणून ते येथे मांडीत आहोत.

आमचे शिक्षण शाळेत फारसे झाले नाही. कायदा आम्ही संघटनेच्या कचेरीत, रात्री निकालपत्रांवर बोट फिरवून शिकलो. त्या शिक्षणाचे सार एवढेच की, सरकारी नोकराची तक्रार फेटाळली गेली म्हणजे प्रकरण मिटत नाही. मात्र त्या दिवसापासून घड्याळ सुरू होते. पुष्कळ लोक हरतात ते खोटे असतात म्हणून नव्हे. घड्याळाकडे पाहत नाहीत म्हणून हरतात.

प्रथम हा हक्क कोठून आला ते पाहू. इंग्रजी अमदानीत महारांची लष्करभरती बंद झाली, तेव्हा शिवराम जानबा कांबळे यांच्यासारख्या पुढाऱ्यांनी ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून अर्ज केले. १९१० मध्ये तर विलायतेत भारतमंत्र्यांपर्यंत अर्ज गेला. परंतु त्या अर्जामागे विनंतीखेरीज दुसरे बळ नव्हते. सरकारने ‘नाही’ म्हटले की त्याला जाब विचारील असे न्यायासन नव्हते. पहिल्या महायुद्धात सरकारला माणसे हवी झाली तेव्हा दार उघडले, आणि युद्ध सरल्यावर ते पुन्हा लावले गेले. दार उघडणे न उघडणे सर्वस्वी मालकाच्या मर्जीवर होते.

९ डिसेंबर १९४८ रोजी घटनासमितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मूलभूत हक्कांसाठी न्यायालयात दाद मागण्याच्या कलमाला घटनेचा आत्मा म्हटले. तेव्हा आपला मराठवाडा निजामी राजवटीतून मुक्त होऊन तीन महिनेही झाले नव्हते. आज घटनेचे चौदावे कलम समानतेची हमी देते, आणि सोळावे कलम सांगते की सरकारी नोकरीत सर्वांना समान संधी असावी व केवळ धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान किंवा निवास यांवरून कोणाला डावलता येणार नाही. अर्ज तोच, पण पूर्वीची विनंती आता मागणी झाली आहे. हा फरक ध्यानात न घेता आपण अजूनही ‘कृपावंत होऊन’ अशी सुरुवात करतो, ही खेदाची गोष्ट आहे.

आता वाट पाहू. तक्रार फेटाळणारा कागद हाती आला की त्यावर मिळाल्याची तारीख घालावी आणि पाकीटसुद्धा जपून ठेवावे. मग वरिष्ठ अधिकाऱ्याकडे जावे. शिक्षेचा किंवा वेतन व निवृत्तिवेतन यांना बाध आणणारा आदेश असेल, तर राज्य सरकारच्या नोकरांसाठी १९७९ चे शिस्त व अपील नियम आहेत. त्यांत अपिलाची मुदत ४५ दिवसांची आहे. अपिलाची तरतूद नसेल तेथे अभिवेदन द्यावे. काहीही दिले तरी आवक क्रमांक व पोच घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नये.

तेथेही दाद मिळाली नाही तर महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण आहे. ते १९९१ मध्ये सुरू झाले, आणि त्याचे एक खंडपीठ छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादला, आहे. तेथे वकील देता येतो, किंवा स्वतःही उभे राहता येते. रेल्वे, टपाल यांसारख्या केंद्राच्या नोकरांसाठी १९८५ पासून केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण आहे. जिल्हा परिषदेच्या नोकरांचे अपिलाचे नियम १९६४ चे व निराळे आहेत, आणि त्यांना पुढे न्यायाधिकरणाऐवजी उच्च न्यायालयाकडे जावे लागते. एसटी कामगारांची वाट कामगार व औद्योगिक न्यायालयांकडे जाते. चुकीच्या दारावर थाप मारण्यात वर्ष जाते, म्हणून दार आधी नक्की करावे.

न्यायाधिकरणाचा कायदा १९८५ चा. त्याच्या विसाव्या व एकविसाव्या कलमांचा हिशेब पाठ असावा. खात्यातील उपाय आधी वापरले पाहिजेत. त्यावर अंतिम आदेश झाला, तर त्या तारखेपासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. अपील किंवा अभिवेदन देऊन सहा महिने लोटले आणि उत्तरच आले नाही, तर ते सहा महिने संपल्यापासून एक वर्ष मिळते. पुरेसे कारण दाखविल्यास उशीर माफ होऊ शकतो. पण माफीवर संसार उभा करू नये.

येथे आम्हांला आमची एक चूक सांगितली पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वी एका कार्यालयातील शिपाई आमच्याकडे आले. ज्येष्ठतायादीत त्यांना डावलून धाकट्याला वर घेतले होते आणि त्यांची हरकत फेटाळली गेली होती. आम्ही म्हणालो, “पुन्हा लिहा.” त्यांनी आयुक्तांना लिहिले, मंत्र्यांना लिहिले, पालकमंत्र्यांना हार घालून हातात कागद दिला. चार वर्षांत अकरा अर्ज झाले. शेवटी दाद मागितली तेव्हा प्रकरण मुदतीबाहेर ठरले, आणि त्यांची बाजू खरी की खोटी हे कोणी तपासलेच नाही. ते गृहस्थ त्याच पदावरून निवृत्त झाले. आम्हांला त्यांनी कधी बोल लावला नाही. परंतु दोष आमचाच होता. १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एस. एस. राठोड यांच्या खटल्यात स्पष्ट सांगितले आहे की, नियमांत तरतूद नसलेले अर्ज वारंवार केल्याने मुदत वाढत नाही. तेव्हा एकच अभिवेदन, तेही वेळेत. आणि ते नियमांत बसते की नाही याची शंका असेल तर पहिल्या आदेशापासूनच वर्ष मोजावे.

दुसरा प्रश्न अपिलात लिहावे काय हा. बहुतेक लोक पहिलीच तक्रार अधिक कडक शब्दांत उतरवून काढतात. त्याचा उपयोग नाही. अपील हे आदेशाला दिलेले उत्तर असते. आदेशात कारणे दिली असतील तर एकेका कारणाला पुराव्याने उत्तर द्यावे. कारणेच दिली नसतील तर तोच पहिला मुद्दा होतो. रामचंदर या रेल्वे नोकराच्या खटल्यात १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, अपील ऐकणाऱ्याने नोकराचे म्हणणे ऐकून सकारण आदेश दिला पाहिजे. आणि मोहिंदरसिंग गिल खटल्याच्या निकालाने असे ठरले की, आदेश त्यात लिहिलेल्या कारणांवरच उभा राहतो. मागाहून शपथपत्रात नवी कारणे घुसडता येत नाहीत.

दुजाभाव म्हणजे तुलना. ‘माझ्यावर अन्याय झाला’ एवढे म्हणून भागत नाही. ‘माझ्यासारख्याच दुसऱ्याला दिले आणि मला नाकारले’ हे दाखवावे लागते. त्यासाठी ज्येष्ठतायादी आणि कामवाटपाचे आदेश मिळवावेत. आपल्या तक्रारीवरील टिपण्या २००५ च्या माहिती अधिकाराखाली मागाव्यात. उत्तराला साधारणपणे ३० दिवसांची मुदत आहे. मात्र दुसऱ्याला नियमाबाहेर मिळाले म्हणून आपल्यालाही द्या, असे कधी मागू नये. चुकीत समानता नसते.

काही तक्रारींना निराळ्या वाटा आहेत. लैंगिक छळाच्या तक्रारीवर समितीने दिलेल्या शिफारशीविरुद्ध २०१३ च्या कायद्याप्रमाणे ९० दिवसांत अपील करता येते. अपंग बंधुभगिनींसाठी २०१६ च्या कायद्याने प्रत्येक सरकारी आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी ठेवला आहे, आणि त्याच्याकडून समाधान झाले नाही तर जिल्हास्तरीय समिती आहे. जातीवरून अपमान झाला असेल तर १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली तो फौजदारी गुन्हा होऊ शकतो. त्याला खात्याच्या चौकशीची वाट पाहावी लागत नाही.

न्यायाधिकरणानेही नाकारले तर? १९९७ च्या एल. चंद्रकुमार खटल्यापासून हे ठरले आहे की, त्या निर्णयाविरुद्ध उच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांच्या पीठापुढे जाता येते. म्हणजे कचेरीतला साहेब हा शेवटचा शब्द नाही, आणि न्यायाधिकरणही नाही.

त्या लिपिक भगिनींचे आम्ही काय केले? एका कागदाचे दोन रकाने पाडले. डावीकडे त्यांची नेमणूक, परीक्षा व कामाच्या तारखा. उजवीकडे त्यांच्यामागून आलेल्या तिघांच्या. खाली एकच वाक्य लिहिले: ‘हा फरक कोणत्या कारणाने झाला ते आदेशात नमूद नाही.’ त्या कागदात विनवणी नव्हती आणि शिवीही नव्हती. पाचव्या महिन्यात त्यांना प्रशिक्षणाचे पत्र आले. सर्वांनाच असे येईल असे आम्ही म्हणत नाही. पण न आले असते तरी त्यांची मुदत शाबूत होती आणि कागद तयार होता.

बाई पेढे घेऊन आल्या, तेव्हा आम्हांला आनंद झाला आणि त्याबरोबर ते अकरा अर्जही आठवले. श्रोत्यांपैकी कोणाच्या घरी असा ‘दप्तरी दाखल’चा कागद पडला असेल, तर त्यांनी आज रात्री तो काढून त्यावरची तारीख पाहावी.