डोह कोरडाच बरा!

आमचे भाचेबुवा हिंगोलीच्या एका कॉलेजात शिकतात. गेल्या दिवाळीत पुण्याला आले ते फराळाच्या ताटावर बसता बसताच म्हणाले, "मामा, आम्ही पिक्चर काढायलोत! मीच नायक. पाण्यात बुडतो अन् तळाशी आजीची पितळी घागर दिसते."

"हे पाणी कुठलं?"

"पाण्याला काय तोटा? सिद्धेश्वरचं धरण आहे, नाहीतर दोस्ताचं शेततळं. मोबाईल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायचा अन् मारायची बुडी!"

माझ्या हातातली चकली हातातच राहिली. धरणाचा ठाव काठावरून लागत नाही. शेततळ्यात अंथरलेला प्लॅस्टिकचा कागद तर असा निसरडा होतो, की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर चढवत नाही. त्यातून गाळ ढवळला, की हातभर अंतरावरचे दिसेनासे होते. म्हणजे जीव धोक्यात, आणि पदरात चित्रही नाही!

मी म्हटले, "अरे, सिनेमाचे अर्धे पाणी कोरडेच असते. दादासाहेब फाळके हौशी जादूगारही होते, ते काय उगीच? १९१९ साली त्यांनी 'कालिया मर्दन' काढला. कृष्ण झाली होती त्यांचीच सात वर्षांची लेक मंदाकिनी. प्रेक्षकाला डोह दिसला पाहिजे. नटाने तो गिळलाच पाहिजे असे नाही!"

त्याहून जुनी गोष्ट फ्रान्सच्या मेलिएसची. १८९८ साली हवानाच्या बंदरात 'मेन' हे अमेरिकन लढाऊ जहाज बुडाले. त्याच्या तळाशी उतरलेले पाणबुडे मेलिएसने त्याच वर्षी पडद्यावर दाखवले. पाणबुडे होते कोरड्या रंगमंचावर. कॅमेऱ्यापुढे मात्र जिवंत माशांची काचपेटी ठेवली होती. मासे पेटीत पोहत होते, आणि प्रेक्षकांना सारा रंगमंचच पाण्याखाली गेलेला दिसत होता!

मग काय, फराळ बाजूला सारून आमची खलबते सुरू झाली. मागे काळे कापड. दिव्यावर निळसर-हिरवा कागद, कारण पाणी प्रकाशातला तांबडा रंग आधी गिळते. परातीतल्या पाण्यात आरसा ठेवून त्यावर दिवा टाकला, की भिंतीवर लाटा नाचू लागतात. केस उडवायला पंखा. सेकंदाला ४८ चित्रे घ्यायची आणि २४ च्या वेगाने दाखवायची. हालचाल निम्म्याने मंदावते आणि माणूस तरंगल्यासारखा वाटतो. घागरीला स्पर्श करणारा हात तेवढा खऱ्या पाण्यात घ्यायचा, तोही अंगणातल्या टाकीत. रिकामी काचपेटी वरून निम्मी पाण्यात दाबून धरायची आणि कॅमेरा पेटीच्या आत ठेवायचा. काच पाण्याला अडवते आणि कॅमेरा ठणठणीत राहतो. पेटी गळकी नाही ना, हे आधी आत रद्दीचा कागद ठेवून पाहावे. कागद ओला झाला, तर दोष कागदावर निभावतो!

भाचेबुवा सुरुवातीला हिरमुसले. खरी बुडी मारण्यातला पराक्रम हुकला ना! पण परातीतल्या लाटा भिंतीवर हलताना पाहिल्या आणि स्वारी खूष झाली.

यंदा त्या चित्रपटाचा पहिला खेळ आमच्याच दिवाणखान्यात झाला. नायक हात-पाय मारीत खोल खोल जाऊ लागला, तोंडातून बुडबुडे निघाले आणि घागर अंधूक चमकली. इतक्यात आमच्या आक्काने किंकाळी फोडली, "अरे, माझं पोर!" आणि तिने डोळ्यांना पदर लावला.

बुडालेले पोर तिच्या शेजारीच बसून तिसरा लाडू खात होते.