पास आहे, पण वेळ घेतलीत का?

खारघरहून मुंबई पाहायला निघणाऱ्या पाहुण्यांना रेल्वेचं एक, तीन किंवा पाच दिवसांचं पर्यटक तिकीट सोयीचं पडतं. मात्र ते लोकलपुरतंच. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं तिकीट वेगळं काढावं लागतं. ते घरबसल्या ऑनलाइन मिळतं. भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद असतं.

परदेशात घोळ उलटा होतो. पॅरिसच्या म्युझियम पासात लूव्हरचा प्रवेश धरलेला असतो, तरी वेळ आधी आरक्षित करावीच लागते, कारण एका वेळी ठरावीक माणसांनाच आत सोडतात. सुट्ट्यांत या वेळा भराभर संपतात. त्यामुळे पासाचे पैसे भरण्याआधीच हव्या त्या दिवशी जागा शिल्लक आहे का, बघून घ्या. मंगळवारी लूव्हर बंद. आई-वडील सोबत असतील तर सकाळचीच वेळ धरा.