घरगुती ध्वनिमुद्रण आणि हेडफोनचा क्षीण आवाज

नाशिक जिल्ह्यांतील देवळा हें कांदा आणि डाळिंब पिकविणाऱ्या मुलखांतलें तालुक्याचें गांव. कळवण, सटाणा, मालेगांव आणि देवळा या चार नांवांचीं आद्याक्षरें जोडून लोक या टापूला ‘कसमादे’ म्हणतात. येथील कित्येक घरांत अहिराणी बोली अजून नांदती आहे. संगणक, एक माइक, हाताच्या पंजाएवढें साउंड कार्ड आणि हेडफोन इतक्या सामग्रीवर अशा गांवींहि आजीच्या जात्यावरच्या ओव्या माजघरांत बसून उतरून घेतां येतात. परंतु पहिल्याच बैठकीला बहुधा एक अडचण उभी राहते. सर्व जोडणी होते, हेडफोन कानांवर चढतो, आणि आवाज येतो तो शेजारच्या वाड्यांतून आल्यासारखा. बटण शेवटपर्यंत फिरवूनहि तो वाढत नाहीं.

ही गैरसोय वाटते तितकी क्षुल्लक नाहीं. स्वतःचा आवाज नीट ऐकूं आला नाहीं म्हणजे माणूस नकळत गळा ताणूं लागतो, हें एतिएन लोंबार या फ्रेंच वैद्यानें १९११ सालीं दाखवून दिलें. साठसत्तर वर्षांचा गळा असा ताणला तर दोन ओव्यांतच थकतो. आणि मुखोद्गत ओवी पुन्हा म्हणावयास सांगितली तर ती त्याच शब्दांत, त्याच चालीवर येईलच असें नाहीं. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांच्या पुढाकारानें महाराष्ट्रांतील खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. घरोघरच्या ज्या ओव्या अशा संग्रहांत आल्या नाहींत, त्यांचा ठाव त्या म्हणणाऱ्या बाईबरोबरच जावयाचा. तेव्हां हेडफोनची तक्रार आजी बसण्यापूर्वीं निवारलेली बरी.

प्रथम एकच प्रश्न विचारावा: सगळेंच क्षीण ऐकूं येतें, कीं केवळ गाणाऱ्याचा आवाज? या दोन तक्रारी वेगळ्या आहेत, आणि त्यांची गल्लत केल्यानेंच पुष्कळ वेळ वायां जातो.

तंबोरा किंवा तयार साथसंगत खणखणीत येते आणि गळा मात्र दबून जातो, असें असेल तर हेडफोन निर्दोष आहे. तयार साथसंगत बाजारांत येण्यापूर्वींच आवाजाच्या कमाल मर्यादेपर्यंत फुगविलेली असते. उलट, माइकवरचा आवाज उंच स्वराला उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील इतक्या बेतानें घ्यावा लागतो, म्हणजे एखादी तान अचानक चढली तरी ती फाटत नाहीं. या दोहोंची बरोबरी करण्यासाठीं लोक माइकचा गेन वाढवितात. ही चूक फार सार्वत्रिक आहे, आणि महागहि पडते. कारण एकदां फाटून मुद्रित झालेला स्वर मागाहून सांधतां येत नाहीं. खरा उपाय उफराटा वाटतो: साथसंगत खालीं आणावी, आणि मग हेडफोनचें बटण वर न्यावें. पुष्कळशा साउंड कार्डांवर माइकचा आवाज आणि संगणकाचा आवाज यांचें प्रमाण ठरविणारें एक स्वतंत्र बटणहि असतें. तें संगणकाच्या बाजूला पुरतें झुकलेलें असल्यास माइक ऐकूंच येणार नाहीं. शिवाय गाणारी व्यक्ति माइकपासून दोन वितींवर असेल तर तिला एका वितीवर आणावें. अंतर निम्में झालें कीं आवाजांत सुमारें ६ डेसिबलची भर पडते, आणि त्यासाठीं कवडीहि खर्चावी लागत नाहीं.

आतां सगळेंच क्षीण येत असेल तर आधीं पिन पाहावी. साउंड कार्डाचें छिद्र बहुधा ६.३५ मिलिमीटरचें आणि हेडफोनची पिन ३.५ मिलिमीटरची असते. मधला जोड अर्धवट बसला म्हणजे मोठी गंमत होते. दोन्ही कानांना सामायिक असलेली परतीची तार सुटली तर डाव्या-उजव्या आवाजांतील फरक तेवढा ऐकूं येतो, आणि दोहोंकडे सारखा असलेला गायकाचा आवाज जवळजवळ नाहींसा होतो. वाद्यें मात्र विहिरींतून वाजल्यासारखीं येत राहतात. असें झालें कीं यंत्र बिघडलें असें समजून लोक दुकान गांठतात. वास्तविक पिन ‘टक्’ असा आवाज होईपर्यंत आंत दाबणें एवढेंच काम असतें.

त्यानंतर संगणकांतल्या कळा. मुद्रणाच्या प्रोग्रॅमची पातळी वेगळी, संगणकाची वेगळी, साउंड कार्डाची वेगळी. तिहींपैकीं एक खालीं असली तरी बाकीच्या दोहोंचें कांहीं चालत नाहीं. विंडोज प्रणालींत तर, फोनसारखें संभाषण चालू आहे असें संगणकाला वाटलें म्हणजे इतर आवाज ८० टक्क्यांनीं उतरविण्याची योजना मुळांतच असते. ती ध्वनीच्या मांडणींत जाऊन बंद करावी.

इतकें करूनहि भागलें नाहीं तर दोष जुळणीचा. हेडफोनच्या खोक्यावर ‘ओहम’ असा आंकडा असतो. तो त्याचा विद्युत्-विरोध. एका व्होल्टवर ३२ ओहमचा हेडफोन सुमारें ३१ मिलिवॅट शक्ति घेतो. २५० ओहमचा घेतो अवघी ४. बाकी सर्व सारखें धरल्यास फरक ९ डेसिबलचा, म्हणजे कानाला आवाज जवळजवळ निम्मा. महाग म्हणून विकत आणलेला हेडफोन स्वस्तापेक्षां हळू वाजतो, याचें इंगित पुष्कळदां हेंच. ही गोष्ट नवी नव्हे. २३ जुलै १९२७ रोजीं मुंबईचें नभोवाणी केंद्र सुरू झालें त्या काळांत स्फटिक-संचाला हजारों ओहमचे हेडफोन लावीत. कारण त्या संचांतून मिळणारा प्रवाह अगदीं सूक्ष्म असे. तसला हेडफोन आजच्या साउंड कार्डाला लावला तर तो कुजबुजेल. घरीं ३२ ते ८० ओहमचा हेडफोन पुरेसा असतो. मोठ्या ओहमचाच वापरावयाचा तर निराळा लहान अॅम्प्लिफायर मध्यें घालावा. जोडतार लावून एकाच छिद्रांतून दोघे ऐकत असतील तर दोन्ही हेडफोन एकाच ओहमचे असावेत, नाहींतर नातवाला ठणठणीत आणि आजीला कांहींच नाहीं असा प्रकार होतो.

आजीच्या बाबतींत आणखी एक विचार हवा. वयोमानानें कानाची उंच स्वर टिपण्याची शक्ति आधीं मंदावते, म्हणून इतरांना ठीक वाटणारा आवाज तिला अस्पष्ट वाटणें साहजिक आहे. तेथें नुसता आवाज वाढवून उपयोग नाहीं. हेडफोनची एक वाटी कानामागें सरकवून तो कान मोकळा ठेवावा; स्टुडिओंतले गवईहि पुष्कळदां असेंच करतात. मात्र ती वाटी डोक्याला चिकटून असावी, नाहींतर तिच्यांतील साथसंगत माइकमध्यें शिरेल.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानें ८० डेसिबलचा आवाज आठवड्यास ४० तास निर्धोक आहे. ९० डेसिबल झाला तर मर्यादा ४ तासांवर येते. सैल पिन शोधीत असतांना बटण नेहमीं टोकाला फिरवून ठेवलेलें असतें, आणि पिन बसली कीं सगळा आवाज एकदम कानांत आदळतो. म्हणून पिन हलविण्यापूर्वीं बटण शून्यावर आणावें, हेडफोन कानांवरून काढावा, आणि मग तो पुन्हा चढवून बटण हळूहळू वर न्यावें. आवाज जुळला म्हणजे बटणाशेजारीं पेन्सिलीनें खूण करून ठेवावी. दुसऱ्या दिवशीं आजी ओवी म्हणावयास बसेल तेव्हां तिला वाट पाहावी लागणार नाहीं.