नदीकाठी पुन्हा माणसे यावीत

त्रिपुरारी पौर्णिमेच्या रात्री साखळीच्या विठ्ठलापुरात वाळवंटीच्या पात्रात सजविलेल्या होड्या तरंगतात आणि सारा परिसर काठावर लोटतो. नदी हे लोकांच्या आनंदाचे स्थान आहे, हा पूर्वजांचा भाव त्या सोहळ्यात आजही जिवंत आहे. परंतु एरव्ही आमच्या नद्यांची अवस्था काय आहे? मडगावला वळसा घालून बेतूल येथे सागरास मिळणारी साळ नदी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ सालच्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत समाविष्ट झाली. जेथे पोरांनी पोहावे, थोरांनी गरी टाकून बसावे, तेथे नाक दाबून पूल ओलांडण्याची पाळी यावी, हे आम्हांस भूषणावह नाही.

या संदर्भात पंजाबातील काली बेईंचे उदाहरण मननीय आहे. गुरू नानकांच्या वास्तव्याने पावन झालेल्या सुलतानपूर लोधीवरून वाहणारी ही सुमारे १६० किलोमीटर लांबीची नदी जलपर्णी आणि गावोगावच्या सांडपाण्याने गुदमरली होती. २००० साली संत बलबीरसिंग सीचेवाल यांच्या पुढाकाराने स्वयंसेवक पात्रात उतरले. त्यांनी जलपर्णी हातांनी उपसली, घाट बांधले, काठाने वाटा काढल्या, झाडे लावली. गावचे सांडपाणी तळ्यांत निववून ते शेतीला देण्याची पद्धतही त्यांनी रुजविली. लोक पुन्हा स्नानाला आणि फिरायला येऊ लागले. २००६ साली राष्ट्रपती अब्दुल कलाम यांनी स्वतः तेथे जाऊन हे कार्य पाहिले.

तथापि या कथेची दुसरी बाजूही ध्यानी घेतली पाहिजे. त्यानंतरही सांडपाणी पात्रात शिरून मासे मेल्याचे प्रसंग तेथे घडले. श्रमदानाने गाळ निघतो, जलपर्णी निघते. शहराचे मलजल मात्र स्वयंसेवकांच्या फावड्याने थोपत नाही. ते नगरपालिका आणि शासन यांचेच कर्तव्य होय. एखाद्या रविवारी छायाचित्रापुरता कचरा उचलून ते कर्तव्य कोणासही टाळता येणार नाही.

मग श्रमदान व्यर्थ काय? मुळीच नव्हे. ज्या काठावर माणसे बसतात, मुले पोहतात, होड्या फिरतात, तेथे घाण सोडणाऱ्यास जाब विचारणारे शेकडो डोळे आपोआप निर्माण होतात. ओसाड काठाला कोणी वाली नसतो. म्हणून गावोगावच्या युवक मंडळांनी, देवस्थानांनी आणि पंचायतींनी आपापला एकेक काठ प्रथम वावरण्याजोगा करावा, आणि त्याच बळावर सांडपाण्याचा हिशेब सत्तास्थानी मागावा, असे आम्हांस वाटते. विठ्ठलापुरी एका रात्री जमणारी गर्दी वर्षभर नदीकडे वळली, तर नदीला दुसरा पहारेकरी कशाला हवा?