नवे ब्रेक पॅड टाकले, तरी गाडी का किंचाळते?



आमच्या गटाच्या जुन्या व्हॅनचे पुढचे ब्रेक पॅड बदलून घेतले आणि दुसऱ्याच दिवशी मसाल्याची पोती भरून आम्ही बाजाराला निघालो. ब्रेक दाबला की चर्रर्र! सगळा बाजार वळून बघायचा. कुणीतरी म्हणालं, "थोडं तेल सोडा, बिजागरीसारखा आवाज बंद होईल." गाडी चालवणाऱ्या आमच्या ताईंनी बाटली हातात घेतलीही होती. दुसऱ्या मिस्त्रींना आधी विचारलं, म्हणून वाचलो. बिजागरी सरकायला हवी, ब्रेकने मात्र धरायला हवं. पॅडला तेल लागलं तर आवाज जाईल न जाईल, पण गाडी थांबणार नाही.

मग आवाज येतो कशाने? फळ्यावर खडू उभा धरून ओढला की किर्र वाजतो ना, तसंच. चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅड आवळतात. ते नीट बसलेले नसले की थरथरतात. ती थरथर फार वेगाची, म्हणून कानाला कर्कश लागते.

पॅड बदलताना गॅरेजमध्ये उभं राहून चार गोष्टी करून घ्या.

पहिली, पॅड ज्या खाचांत बसतात तिथला गंज आणि चिखल तारेच्या ब्रशने साफ करायचा. पॅडच्या जुन्या क्लिपा गंजल्या असतील तर नव्या टाकायच्या.

दुसरी, डिस्क ब्रेक क्लीनरने पुसायची. तिच्यावर खोल चरे असतील किंवा ती झिजून पातळ झाली असेल, तर नुसते पॅड बदलून भागत नाही.

तिसरी, ग्रीस. उष्णता सोसणारं, ब्रेकसाठीचंच ग्रीस हवं. ते पॅडच्या लोखंडी पाठीला, खाचेत टेकणाऱ्या कडांना आणि कॅलिपर सरकतो त्या पिनांना, तेही अगदी पातळ. डिस्कला घासणाऱ्या बाजूला टिपूसही नको. पॅडमागची पातळ पत्री, म्हणजे शिम, थरथर शोषते. ती काढून फेकू देऊ नका.

चौथी, डाव्या-उजव्या दोन्ही चाकांचे पॅड एकदमच बदलायचे.

काम झालं की गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट लागेपर्यंत दाबून बघा. मग मोकळ्या रस्त्यावर बेताच्या वेगातून हळूहळू ब्रेक लावत वेग कमी करा. मध्ये थोडं अंतर चालवून ब्रेक गार होऊ द्या. असं दहा-पंधरा वेळा केलं की पॅड आणि डिस्क एकमेकांना नीट बसतात.

पावसाळ्यात सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकला खरखर येते. तो रात्रीत धरलेला गंज, घाबरू नका. पण जुन्या पॅडवर रोज शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, तर पॅड संपत आले असं समजा. काही पॅडना त्यासाठीच पत्र्याची जीभ बसवलेली असते. आणि लोखंडावर लोखंड घासल्यासारखी घरघर आली, तर गाडी तिथेच उभी करा.

आम्ही पुन्हा गॅरेजमध्ये गेलो. खाचांत गंज तसाच होता आणि ग्रीसचा पत्ता नव्हता. साफसफाई झाली, आवाज गेला. त्या दिवसापासून काम चालू असताना आमच्यातली एकजण गाडीपाशी उभी असते. गाडी आपली, तिच्यात बसणाऱ्या बायाही आपल्याच. विचारायला लाजू नका.