समोरची तलवार कोण धरणार?

जपानबाहेर जुन्या घराण्याची तलवार शिकवायची तर आधी छताची उंची बघावी लागते. बोकुतो, म्हणजे सरावाची लाकडी तलवार, साधारण १०२ सेंटीमीटर लांब असते. उंच माणसाने ती दोन्ही हातांनी डोक्यावर उगारून खाली आणली की नऊ फुटी छतही अपुरं पडतं आणि ट्यूबलाइटचे पैसे भरावे लागतात. म्हणून युरोप-अमेरिकेतले बहुतेक गट शाळेचा व्यायामहॉल किंवा बास्केटबॉलचं मैदान संध्याकाळचे दोन तास भाड्याने घेतात. आधीचा झुंबाचा वर्ग संपेपर्यंत दाराबाहेर ताटकळायचं, मग आत जाऊन जमीन पुसायची, रांगेत गुडघ्यावर बसून वाकून नमस्कार करायचा आणि उठायचं. रांग कसली, सहा-सात माणसांचीच.

उठल्यावर प्रत्येकजण आपली बोकुतो निरखतो. धारेच्या बाजूने हलकेच बोट फिरवून कुठे ढलपी सुटलीय का, चीर गेलीय का ते पाहतो. ही लाकडं बहुतेक जपानी पांढऱ्या ओकची असतात आणि मियाझाकी प्रांतातल्या मियाकोनोजो शहराकडून येतात. जोरात आपटाआपटी करणाऱ्या घराण्यांतले अमेरिकन शिष्य आता अमेरिकेतल्याच हिकरी लाकडाच्या तलवारी करून घेतात. हिकरी जड, चिवट आणि मार खाणारी. तडा गेलेली तलवार लगेच बाजूला ठेवतात, कारण जोडीदाराच्या डोळ्यात ढलपी जायला एकच वार पुरतो.

ही घराणी कोर्यू म्हणून ओळखली जातात. १८६८च्या मेइजी क्रांतीच्या आधी स्थापन झालेली, गुरुपरंपरा सांगता येणारी. त्यांत चिलखत घालून सामने खेळत नाहीत, गुण मोजत नाहीत. ते केंदोचं काम. इथलं सगळं शिक्षण कातातून होतं. काता म्हणजे चाली ठरलेला वारांचा संच, बहुतेक वेळा दोघांनी मिळून करायचा. त्यातल्या हल्ला करणाऱ्याला उचिदाची म्हणतात आणि त्याला उत्तर देऊन जिंकणाऱ्याला शिदाची. दर वेळी हरणारा उचिदाची हाच दोघांतला ज्येष्ठ, आणि सगळी गोम इथेच आहे. शिष्याला जिंकायला शिकवायचं, म्हणजे त्याच्यावर खरा, नीट अंतरावरून, नीट क्षणी केलेला वार आला पाहिजे. तो करणारा माणूस शिष्यापेक्षा बराच पुढचा असावा लागतो.

ओनो-हा इत्तो-र्यू घराण्याचा सराव जवळून पाहिला की हे डोळ्यांना दिसतं. ज्येष्ठाच्या हातात ओनिगोते असतात. हरणाच्या कातड्याचे, आत गच्च भरलेले, मनगटाच्या वरपर्यंत येणारे अवजड हातमोजे. शिष्याचे हात उघडे. ज्येष्ठ पावलं टाकत येतो आणि सरळ डोक्यावर वार करतो. शिष्य तो अडवत नाही, बाजूलाही होत नाही. त्याच क्षणी, त्याच मधल्या रेषेवरून तोही वार करतो. दोन्ही लाकडं एकमेकांना घासत खाली येतात, टणक आवाज होतो, ज्येष्ठाची तलवार दोन बोटं रेषेबाहेर ढकलली जाते आणि शिष्याचं टोक त्याच्या छातीसमोर उभं राहतं. या चालीचं नाव कीरिओतोशी. सांगायला दोन ओळी लागतात, करायला वर्षं.

ही चाल चुकते ती हमखास एकाच प्रकारे. डोक्यावर येणारं लाकूड पाहून शिष्य घाबरतो, अर्धा क्षण आधी सुटतो आणि समोरच्या तलवारीला आडवा टोला मारून ती उडवू बघतो. अशा वेळी चांगला ज्येष्ठ काही बोलत नाही. पुढच्या खेपेला तो वार अर्ध्यावरच थांबवतो. शिष्याची तलवार हवेत फिरते, जमिनीकडे जाते आणि तो मान उघडी टाकून उभा राहतो. मग ज्येष्ठ सावकाश आपलं टोक त्याच्या गळ्याशी आणून ठेवतो. पुन्हा मूळ जागी. पुन्हा तोच वार. कधी वेग वाढवून, कधी पाऊलभर लांबून, कधी मुद्दाम रेंगाळत. ठरलेल्या कातात ठरलेलं नसलेलं असं हे सगळं त्या एका माणसाच्या हातात असतं.

आता हेच दोन नवशिक्यांना करायला सांगा. सहा महिन्यांत दोघे एकमेकांना सांभाळून घ्यायला शिकतात. तू इतका हळू ये, मी इतका हळू उत्तर देतो, असा न बोलता करार होतो. काता गुळगुळीत होतो, छायाचित्रात सुरेख दिसतो आणि त्यात तलवार उरत नाही. जपानबाहेरच्या कोर्यूची खरी अडचण ना भाषा, ना पोशाख, ना गुडघ्यांचं दुखणं. उचिदाचींचा दुष्काळ ही ती अडचण.

या दुष्काळाचं मूळ जपानमध्येच आहे. १८७६ साली तलवार कमरेला लावून फिरण्यावर बंदी आली आणि तलवार शिकवणाऱ्यांची रोजीरोटी गेली. शेकडो घराणी विझली. जी राहिली ती एखाद्या कुटुंबात, एखाद्या देवस्थानाच्या आसऱ्याने, एखाद्या गावात. गुन्मा प्रांतातल्या मानिवा गावचं नेन-र्यू हिगुची कुटुंबाने आणि आसपासच्या लोकांनी पिढ्यान्पिढ्या राखलं. चिबा प्रांतातल्या कातोरी देवस्थानाशी जोडलेलं तेन्शिन शोदेन कातोरी शिंतो-र्यू आपली स्थापना १४४७ची सांगतं. १९६०मध्ये चिबा प्रांताने त्याला सांस्कृतिक वारशाचा दर्जा दिला. जिथे मुळातच सर्वोच्च परवाना असलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी, तिथून परदेशात कितीजण जाणार?

दार उघडलं ते डॉन ड्रेगर या अमेरिकन माणसाने. मरीन दलातला हा अधिकारी नंतर जपानमध्ये राहिला आणि कातोरी शिंतो-र्यूत प्रवेश मिळालेला पहिला बिगरजपानी ठरला. जेम्स बाँडच्या १९६७च्या जपानी चित्रपटात शॉन कॉनरीच्या मारामाऱ्यांसाठीही त्याची मदत झाली होती, पण त्याचं खरं काम पुस्तकांचं आणि माणसं जोडण्याचं. त्याच्यामागून आलेल्या काही परदेशी शिष्यांनी जपानमध्ये दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षं काढली. स्वित्झर्लंडच्या पास्काल क्रीगरने काठीचं शिंतो मुसो-र्यू युरोपात नेलं, कार्ल फ्रायडे या इतिहासकाराने काशिमा-शिनर्यू जॉर्जिया विद्यापीठात शिकवलं आणि त्यावर १९९७मध्ये इंग्रजीत ग्रंथही लिहिला. दुसरीकडून जपानी गुरूही बाहेर पडले. कुरोसावाच्या ‘सेव्हन सामुराय’मधल्या तलवारबाजीची आखणी करणारे सुगिनो योशिओ कातोरी घराण्याचेच, त्यांच्या शिकवण्यातून युरोपात गट उभे राहिले.

कातोरी घराण्यात शिरताना केप्पान करावं लागतं. बोटाला टोचून, रक्ताचा ठसा उमटवून देवापुढे शपथ: परवानगीशिवाय कुणाला शिकवणार नाही, दाखवणार नाही, दुसऱ्या घराण्याशी झुंज घेणार नाही. आपल्याकडच्या गंडाबंधनाशी त्याचं नातं सहज लक्षात येतं. लपवाछपवी तर कातातही आहे. या घराण्याचे काता लांबलचक, एका दमात कितीतरी वारांचे. पाहणाऱ्याला वाटतं, ही दोघं एकमेकांच्या लाकडांवरच वार करताहेत. ते मुद्दाम आहे. खरा घाव मनगटाच्या आतल्या बाजूला, काखेत, मानेवर, चिलखताच्या फटीत बसायचा असतो. लोकांसमोर तो लाकडावर घेतात. कुठला वार खरा कुठे लागतो, ते शपथ घेतलेल्याला ज्येष्ठ सांगतो. यूट्यूबवरून शिकणाऱ्याला फक्त लाकडावर लाकूड आपटायला येतं.

मग परदेशातले गट करतात काय? वारी करतात. वर्षातून एकदा जमेल तो जपानला जातो. कातोरी घराण्याचे दिवंगत गुरू ओताके रिसुके यांचा दोजो, म्हणजे सरावाची जागा, तर नारितातच, म्हणजे विमानतळाच्या गावात. बोकुतो सामानात टाकून, विमानतळावर दोनदा खुलासे देऊन पोचायचं, दोन आठवडे ज्येष्ठांच्या हातून हरवून घ्यायचं, सॉरी, जिंकून घ्यायचं, आणि परत येऊन जेवढं अंगात उरलं तेवढं बाकीच्यांना द्यायचं. उन्हाळ्यात गुरूला तिकीट काढून बोलवायचं, तीन-चार देशांतले शिष्य एका हॉलवर गोळा करायचे. चार दिवसांच्या त्या शिबिरात जो तो एकाच गोष्टीसाठी रांग लावतो: गुरूच्या समोर पाच मिनिटं.

२०२० साली जपानने सीमा बंद केल्या आणि सर्वसाधारण पर्यटकांना ऑक्टोबर २०२२मध्ये पुन्हा मोकळा प्रवेश दिला. तेवढ्या काळात ही वारी तुटली. एकट्याने करायचे तलवार उपसण्याचे काता घराघरांत चालू राहिले, कॅमेऱ्यासमोर सूचनाही मिळाल्या. जोडीचे काता मात्र जागच्या जागी थिजले, कारण पडद्यातून अंतर शिकवता येत नाही.

एकट्याच्या सरावाचे त्रास वेगळे. त्यासाठी इआइतो वापरतात, जस्त-ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची, धार न लागणारी तलवार. तिचा जन्म जपानी कायद्यातून झाला, कारण तिथे पोलादी पात्याची नोंद करावी लागते. बाहेर कायदे आणखी वेगळे. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्याने २००४मध्ये तलवारींवर बंदी घातली आणि काही गटांना सूट दिली. ब्रिटनने २००८मध्ये ५० सेंटीमीटर आणि त्याहून लांब वक्र पात्यांवर बंदी आणली, पण पारंपरिक पद्धतीने घडवलेल्या तलवारी वगळल्या. स्वस्त, भिंतीवर टांगायच्या नकली कताना हे खरं लक्ष्य होतं.

नकली कतानांपेक्षा नकली घराण्यांनी जास्त नुकसान केलं आहे. जपानमध्ये कुणी ऐकलं नाही असं नाव, आजोबांच्या पेटीत सापडलेली गुंडाळी, दोन वर्षांत ‘महागुरू’. कोर्यूमध्ये परवाने टप्प्याटप्प्याने मिळतात, सर्वोच्च म्हणजे मेन्क्यो काइदेनपर्यंत पोचायला दशकं जातात आणि शिकवण्याची परवानगी त्याहून वेगळी गोष्ट असते. खऱ्या घराण्यांतही वारसाहक्काची भांडणं होतात. गुरू वारला की दोन शाखा फुटतात आणि हजारो मैलांवरच्या छोट्या गटाला कोणाचा हात धरायचा ते ठरवावं लागतं. काही गट त्यातच संपतात. तरीही जपानबाहेरचा प्रामाणिक गट आणि जपानमधला सुस्त गट यांत निवड करायची झाली तर प्रामाणिक गटच बरा. आठ माणसं, पण समोर उभा राहून नीट हरणारा एक तरी माणूस असला म्हणजे झालं.

कोणाला अशा वर्गात नाव घालायचं असेल तर तलवार विकत घेण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. शिकवणाऱ्याचा गुरू कोण? शिकवण्याची परवानगी कोणी दिली? आणि तो शेवटचा आपल्या गुरूसमोर कधी उभा राहिला? उत्तरं सरळ मिळाली तर कोपऱ्यात बसून एक सराव पाहावा. बहुतेक खरे गट पाहायला हरकत घेत नाहीत, प्रवेश द्यायला मात्र महिनोन्‌महिने लावतात. जवळपास असा गट नसेल तर केंदो किंवा इआइदो, म्हणजे तलवार उपसण्याची कला, यांचे संघ बऱ्याच देशांत आहेत. कोर्यूचे अनेक परदेशी शिष्य आधी तिथेच घडले.